डिस्क कोरी आहे, घाबरू नका

इंदूरमध्ये कोणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला किंवा दुरुस्त करायचा असला की पावलं आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. तिथे नव्या लॅपटॉपच्या काचेच्या कपाटांपेक्षा माझं लक्ष जुन्या, काळ्या, दणकट डेस्कटॉपच्या थप्प्यांकडे आधी जातं. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर ही सगळी कचेऱ्यांसाठी बनवलेली यंत्रं. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी ती सरसकट बदलतात, चालू असली तरी. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये झाली. निवृत्त झालो तरी ही यंत्रं उघडून बघण्याची ओढ सुटलेली नाही. त्यामुळे लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत कोणी सेकंड हँड कॉम्प्युटर आणला की तो आधी माझ्या टेबलावर येतो.

शेजारच्या काकूंच्या नातीने आणलेला ऑप्टिप्लेक्स ३०२० असाच माझ्याकडे आला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. पोरगी बी.कॉम.ला आहे आणि सीपीसीटीची तयारी करतेय. मध्य प्रदेशात सरकारी कारकुनीच्या नोकऱ्यांसाठी ही कॉम्प्युटरची परीक्षा द्यावी लागते. बटण दाबलं, डेलचं चिन्ह आलं, पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: ‘नो बूटेबल डिव्हाइसेस फाउंड’. काकूंचा चेहरा उतरला.

“फसवलं का हो पोरीला?”

“नाही काकू. दुकानदाराने डिस्क पुसून दिलीय, एवढंच.”

“तो म्हणाला होता, विंडो डलवानी हो तो अलग से,” नात म्हणाली.

हा लेख लिहायला बसलो तो पडद्यावरच्या त्या काळ्या ओळीपायी. कोरी डिस्क दिसली की लोक घाबरतात, आणि त्या घाईत नको ते करून घेतात.

आधी ती ओळ काय सांगते ते बघू. मदरबोर्डवर एक चिमुकली चिप असते. तिच्यातल्या प्रोग्रॅमला जुन्या यंत्रांत बायॉस म्हणायचे, हल्लीच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. बटण दाबल्यावर पहिल्यांदा हा प्रोग्रॅम जागा होतो. तो रॅम तपासतो, कीबोर्ड तपासतो, पडदा चालू करतो आणि मग डिस्कवर बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम शोधतो. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणून ठेवतो आणि पुढचा कारभार कर्नलच्या हाती जातो. डिस्क पुसली की बूटलोडर जातो, पण चिपमधला प्रोग्रॅम डिस्कवर नसतोच, त्यामुळे तो शाबूत राहतो. म्हणजे पडद्यावर ही ओळ आली, याचाच अर्थ प्रोसेसर, रॅम, पडदा आणि मदरबोर्ड यांनी आपापलं काम केलं आणि शोध डिस्कपाशी येऊन थांबला. आता डिस्क नुसती कोरी आहे की बिघडलेली आहे, एवढंच तपासायचं उरतं.

डिस्क पुसून विकणं ही तर सचोटीची गोष्ट आहे. त्या डिस्कवर कोणाचे तरी पगाराचे तक्ते, आधारच्या प्रती, लेकराबाळांचे फोटो असू शकतात. मात्र पुसण्या-पुसण्यात फरक असतो. नेहमीच्या झटपट फॉरमॅटने ग्रंथालयाचा कॅटलॉग तेवढा फाडला जातो, पुस्तकं कपाटातच राहतात. शोधणारा ती काढू शकतो. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहून काढली की जुनं वाचणं जवळपास अशक्य होतं. एसएसडीची रचना वेगळी असते. तिच्यासाठी डिस्कच्याच आत दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची आज्ञा वापरावी लागते. तुम्ही स्वतः जुना कॉम्प्युटर विकणार असाल तर हे काम दुकानदारावर सोडू नका.

आता त्या ‘विंडो टाकून देण्या’कडे येतो. देशातल्या कुठल्याही शहरात किरकोळ पैशांत विंडोज टाकून देणारे भेटतात. त्यातली बरीच चोरीची असते. परवान्याची तपासणी चुकवण्यासाठी एक ‘ॲक्टिव्हेटर’ चालवतात, आणि तो चालावा म्हणून आधी अँटीव्हायरस बंद करतात. अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्रॅम, सगळ्या अधिकारांनिशी, पहारा उठवून, कोऱ्या यंत्रात पहिल्याच दिवशी घालायचा. त्याच यंत्रावर मग आपण बँकेचा पासवर्ड टाकणार. मला हे अजिबात मान्य नाही, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला मी हे तोंडावर सांगतो. कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न आपल्या घरच्या सुरक्षिततेचा आहे.

गंमत म्हणजे पुष्कळदा त्या यंत्राला विंडोजचा खरा परवाना असतोच. विंडोज ८ आलं २०१२ मध्ये. तेव्हापासून मोठ्या कंपन्या परवान्याची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच ठेवून यंत्र विकू लागल्या. डिस्क पुसल्याने ती जात नाही. विंडोज १० पासून तर परवान्याची नोंद त्या मदरबोर्डच्या नावाने मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही राहते. अशा यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून उतरवलेलं, त्याच आवृत्तीचं विंडोज घातलं, किल्ली विचारली तेव्हा ‘माझ्याकडे नाही’ म्हटलं, आणि नंतर इंटरनेट जोडलं की परवाना आपोआप लागू होतो. यात कोणाला पैसे द्यायचे नसतात.

अडचण आहे ती वेगळीकडे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची जादा मुदत आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. नातीचा ऑप्टिप्लेक्स चौथ्या पिढीचा. या अटी चुकवून ११ घालता येतं, पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. प्रोसेसर ठणठणीत, रॅम भरपूर, आणि केवळ या अटींपायी यंत्र मोडीत काढायचं, हे मला बघवत नाही. म्हणून असल्या यंत्रांत मी लिनक्स घालतो.

फिनलंडमधल्या लायनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला आपण एक कर्नल लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्याच कर्नलभोवती पुढे जगभरच्या माणसांनी वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम उभ्या केल्या. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांसाठीची लिनक्स काढली, तिच्यात मराठीही आहे. घरगुती वापरासाठी मी मिंट निवडतो, कारण विंडोजवर हात बसलेल्याला तिचा डाव्या कोपऱ्यातला मेन्यू परका वाटत नाही. ती फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि तिच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ४ जीबी रॅमवर ती नीट चालते.

पहिलं काम पेन ड्राइव्हचं. ८ जीबीचा पुरतो. मिंटच्या साइटवरून आयएसओ नावाची एकच मोठी फाइल उतरवायची, जवळपास ३ जीबीची. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमने ती ‘लिहावी’ लागते, म्हणजे मग पेन ड्राइव्हवर बूटलोडर आपल्या जागी बसतो. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं यात पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. घरात दुसरा कॉम्प्युटरच नसेल तर अँड्रॉइड फोनला ओटीजीच्या जोडणीने पेन ड्राइव्ह लावून एचड्रॉइड या ॲपनेही हे काम होतं. उतरवलेली फाइल वाटेत खराब झालेली नाही ना, हे साइटवर दिलेल्या चेकसमशी ताडून बघावं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाळू नये. अर्ध्यात अडकलेल्या इन्स्टॉलमागे पुष्कळदा खराब उतरलेली फाइल किंवा हलका पेन ड्राइव्ह असतो.

मग पेन ड्राइव्ह यंत्राला लावायचा आणि सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहायची. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ-१२, एचपीला एफ-९. ऑप्टिप्लेक्सवर या मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा ‘लेगसी’खाली आणि एकदा ‘यूईएफआय’खाली. यूईएफआयखालचा निवडा. लेगसी ही १९८० च्या दशकातली पद्धत. तिच्यासोबतच्या एमबीआर या जुन्या मांडणीला डिस्कची २ टीबीच्या पुढची जागा धरता येत नाही. यूईएफआयमधून बूट केलं की डिस्क जीपीटी या नव्या मांडणीने आखली जाते.

नातीला मी कीबोर्डपाशी बसवलं होतं आणि मी बाजूच्या स्टुलावर होतो. थोड्या वेळात पडद्यावर पूर्ण डेस्कटॉप उभा राहिला, आणि डिस्कला अजून हातही लागला नव्हता.

“काका, झालं पण?”

“अजून नाही. आत्ता हे सगळं पेन ड्राइव्हवरून रॅममध्ये चाललंय. आधी यंत्र तपासून घे.”

याला लाइव्ह सेशन म्हणतात, आणि सेकंड हँड घेणाऱ्याच्या हातात याहून चांगलं साधन नाही. आवाज येतो का, सगळे यूएसबी चालतात का, नेट लागतं का, हे सगळं इथे कळतं. डेस्कटॉपमध्ये वाय-फाय बहुधा नसतंच. तेव्हा फोन केबलने जोडायचा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, नेट येतं. मेन्यूतल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये डिस्कचा स्मार्ट अहवाल दिसतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते: किती तास चालली, किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’चा आकडा शून्य असेल तर उत्तम; वाढत चालला असेल तर त्या डिस्कवर काही ठेवू नका. नातीच्या यंत्रातली जुनी हार्ड डिस्क ठीक होती, तरी मी काढायला लावली आणि २४० जीबीची एसएसडी बसवली. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच. बाकी कशानेही इतका फरक पडत नाही.

इन्स्टॉलचे प्रश्न मोजकेच असतात. भाषा, कीबोर्ड, मग डिस्कचं काय करायचं. ‘डिस्क पुसून मिंट घाला’ हा पर्याय कोऱ्या यंत्राला योग्य. फक्त यंत्रात एकाहून जास्त डिस्क असतील तर नाव न बघता आकार बघून निवडा. २४० जीबी कुठली आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह कुठला, हे आकारावरून लगेच कळतं. पुढे जगाचा नकाशा येतो. त्यात नातीने इंदूर शोधलं, मग दिल्ली, मग मुंबई. भारतभरच्या वेळेसाठी तिथे एकटं कोलकाता आहे, तेच निवडायचं. मग नाव आणि पासवर्ड. फाइली कॉपी होईपर्यंत काकूंचा चहा झाला. इन्स्टॉल संपल्यावर पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केलं, तर या वेळी ती काळी ओळ आली नाही.

त्यानंतर नेट जोडून अपडेट मॅनेजर चालवायचा आणि टाइमशिफ्टमध्ये सिस्टिमची एक प्रत नोंदवून ठेवायची, म्हणजे पुढे काही बिघडलं तर आजच्या स्थितीवर परतता येतं. यात टाळाटाळ नको.

मला खरा आनंद होतो तो पुढच्या भागात, कारण इथे मराठी येते. कीबोर्डच्या मांडण्यांत मराठी इनस्क्रिप्ट जोडायचं. ही मांडणी आपल्याच देशात घडली: १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण ठरवली, १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. आयआयटी कानपूरमध्ये आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणण्याचं जे काम केलं, त्याच काळातली ही गोष्ट. मांडणीची अक्कल बघा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. ‘के’वर क, ‘एल’वर त, शेजारी च, त्याच्या शेजारी ट, शिफ्ट दाबून त्याच कळांवर ख, थ, छ, ठ. ‘एफ’वर ऱ्हस्व वेलांटी, शिफ्टसकट ‘एफ’वर इ. वर्णमाला ज्याला येते त्याला निम्मा कीबोर्ड आधीच येतो. हिंदीलाही हीच मांडणी, आणि सीपीसीटीच्या हिंदी टायपिंगला इनस्क्रिप्टचा पर्याय आहे. म्हणजे नातीने घरी मराठीत आजीची पत्रं टाइप केली तरी परीक्षेचा सराव होतोच. इंदूरच्या मराठी घरांतली मुलं देवनागरी शिकतात ती शाळेतल्या हिंदीतून. ‘बाळ’मधला ळ शिफ्टसकट ‘एन’वर आहे आणि ‘दऱ्या’मधला ऱ शिफ्टसकट ‘जे’वर, हे तिला दाखवलं तेव्हा काकू खुर्ची ओढून जवळ येऊन बसल्या.

त्यांच्यासाठी मग त्याच यंत्रावर वेगळं खातं उघडलं आणि त्या खात्याची भाषा मराठी ठेवली. मेन्यू मराठीत आले. काही शब्द अजून इंग्रजीत राहतात, कारण भाषांतराचं हे काम स्वयंसेवक करतात आणि मराठीला माणसं कमी पडतात. ज्यांना दोन्ही भाषा नीट येतात अशा वाचकांनी यात हात घालायला हवा. लिबरऑफिस मिंटमध्ये आधीच असतं, त्यात पत्रं, हिशेब, विद्यापीठाचे प्रकल्प सगळं होतं.

लिनक्स सगळ्यांच्या कामाची आहे असं मी म्हणणार नाही. ज्याचं दुकान टॅलीवर चालतं, ज्याला टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरावं लागतं, ज्याच्या स्कॅनरला फक्त विंडोजचाच ड्रायव्हर मिळतो, त्याने आठव्या पिढीपासून पुढचं, परवाना असलेलं यंत्र घ्यावं. चार पैसे जास्त पडतील, ते योग्यच आहेत. नातीच्या अभ्यासाला टॅली लागेल तेव्हा ती कॉलेजच्या लॅबमध्ये करेल, असं आम्ही ठरवलं. बाकी ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म, प्रिंट एवढ्यासाठी मिंट पुरेशी आहे.

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात अव्वल ठरत आलं आहे. आमच्या दारावर येणारी कचऱ्याची गाडी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून घेते, त्यात ई-कचरा हा एक प्रकार आहे. या शिस्तीचा मला अभिमान वाटतो. पण चालू मदरबोर्ड त्या कप्प्यात जाताना पाहिला की जीव कळवळतो. त्यात तांबं आहे, सोनं आहे, शिसं आहे. तो बनवायला लागलेली वीज आणि पाणी परत मिळत नाही. त्या कप्प्यात जायचं ते खरोखर मेलेल्या यंत्राने.

सेकंड हँड यंत्र घ्यायला जाल तेव्हा मिंटचा पेन ड्राइव्ह खिशात घेऊन जा. दुकानदाराला सांगून यंत्र तिथेच त्यावर चालवा. एफ-२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून सेटअप उघडा. पासवर्ड विचारला तर पैसे देण्याआधी तो काढून मागा, कारण कचेरीतल्या यंत्राचा विसरलेला पासवर्ड नंतर काढणं फार कठीण जातं. घड्याळ बघा; तारीख अनेक वर्षं मागे गेली असेल तर सीआर-२०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली आहे, ती स्वस्तात मिळते, पण बदलली नाही तर चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित वेबसाइट उघडायला नकार देतात. डिस्कचा स्मार्ट अहवाल बघा. एवढं ठीक असेल तर यंत्र घ्या, आणि ‘विंडो डाल दूँ?’ असं विचारलं की नको म्हणा.